आठ वर्षांच्या लेकीला क्राइम सिरियलच्या एका भागात काम आलंय, पाठवू का?

चिऊची आई (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. इथे नाटकवाले, सिरियलवाले, शिक्षक असे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

माझी मुलगी तिसरीत आहे. यंदा राज्य बालनाट्य स्पर्धेत तिच्या गटाचं नाटक होतं. त्यात ती झाड झाली होती. बोलणारं झाड, पण वाक्यं चारच. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं, ते फिरत फिरत मुंबईच्या एका को-ऑर्डिनेटरकडे गेलं आणि परवा त्यांचा फोन आला. हिंदी क्राइम सिरियलच्या एका भागासाठी मुलगी हवी आहे. दोन दिवसांचं काम, शूटिंग मीरा रोडला. गोष्ट अशी की घरात खून होतो आणि मुलगी कपाटात लपलेली असते. ती काहीच बोलत नाही. मग पोलीस तिला हळूहळू बोलतं करतात.

आमच्या घरी दोन तट पडले आहेत. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा लेकराला रक्तबिक्त दाखवायचं, मेलेलं माणूस दाखवायचं, रात्री दचकून उठेल. हे म्हणतात, झाडापासून टीव्हीपर्यंत आली पोरगी, संधी चालून आली आहे, दोन दिवसांनी काय होतंय. मी मधल्या मधे. मला सासूबाईंचं पटतं आणि यांचंही पटतं. ती स्वतः तर नाचतेच आहे. तिला खून वगैरे काही नाही, 'मला टीव्हीत कपाटात बसायचंय' एवढंच.

को-ऑर्डिनेटर साहेबांनी 'प्रोफाइल रजिस्ट्रेशन'चे साडेचार हजार आधी भरायला सांगितले आहेत. ते नेहमीचं असतं का? आणि लहान मुलांना असल्या कामाला पाठवताना काय बघायचं असतं? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

फुटाळ्याचा पक्या

ताई, पाठवा! काहून घाबरता?

मी क्राइम सिरियलचा जुना भक्त आहे. 'सीआयडी' १९९८च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा मी सहावीत होतो, तेव्हापासून पाहून राहिलो. इंग्रजीसुद्धा सोडत नाही. म्हणून दोन नावं सांगतो.

डकोटा फॅनिंग. 'सीएसआय'चा पहिलाच सीझन, २००० साल, भागाचं नाव 'ब्लड ड्रॉप्स'. एका घरात आईवडील आणि दोन मुलगे मारले जातात, दोन मुली वाचतात, त्यातली धाकटी ही. वय वर्षं सहा. जवळजवळ बोलतच नाही पोट्टी, पण नजर हलत नाही तिच्यावरून. पुढच्याच वर्षी 'आय ॲम सॅम' आला, शॉन पेनच्या मुलीचं काम, आणि सात वर्षांची असताना तिला अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचं नामांकन मिळालं.

दुसरी मिली बॉबी ब्राउन. सगळ्यांना ती 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे माहीत, ते २०१६चं. त्याच्या दोन वर्षं आधी, दहा वर्षांची असताना, ती 'एनसीआयएस'च्या एका भागात पाहुणी होती. आई मारली गेलेली बिचारी पोरगी म्हणून येते आणि शेवटी कळते की मारणारी तीच. (अजून पाहिला नसेल त्यांनी माफ करा.) मी तो भाग तिसऱ्यांदा पाहिला तो फक्त तिचा चेहरा पाहायला.

तुमच्या चिऊचं काम डकोटाच्या कामासारखंच आहे. न बोलणारी मुलगी. अशा भागात सगळी गोष्ट त्या पोरीवर टांगलेली असते, पोलीसवाले नुसते आजूबाजूला फिरतात. आणि आपल्या नागपूरच्या पोट्ट्यांना काय कमी आहे? 'झुंड'मध्ये इथल्याच वस्त्यांतली पोरं होती, अमिताभसमोर उभी राहिली की नाही? दोन दिवसांचा प्रश्न आहे, जाऊ द्या तिला.

इतवारीची मुलगी

चिऊच्या आई, हे लांब होणार आहे. वाचून घ्या.

२००३ साली मी नऊ वर्षांची होते आणि असंच एका भागाचं काम मला आलं होतं. सिरियलचं नाव लिहीत नाही. ते लोक वाईट नव्हते आणि आता कोण कुठे आहे तेही माहीत नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून सगळं सांगते.

विदर्भ एक्स्प्रेसनं आई आणि मी गेलो. संध्याकाळी बसलो, सकाळी दादरला उतरलो. मढला एका बंगल्यात शूटिंग होतं. माझं काम: शेजारच्या घरात चेंडू आणायला गेलेली मुलगी जेवणाच्या टेबलाखाली लपते आणि तिला खुन्याचे फक्त बूट दिसतात. नंतर पोलिसांना सांगते, "अंकल के जूते गीले थे." झालं, एवढंच वाक्य. त्यावरून खुनी सापडतो.

तुमच्या सासूबाईंना आधी हे सांगा: मेलेल्या माणसाची मला अजिबात भीती वाटली नाही. प्रेत झालेले काका दोन शॉटच्या मध्ये उठून वडापाव खायचे आणि शर्टावरच्या रक्ताला चटणी लागू नये म्हणून वाकून खायचे. रक्त मेकअपदादा एका प्लास्टिकच्या बाटलीतून आणायचे. त्यांनी माझ्या बोटाला एक थेंब लावून दिला होता, मी तो दिवसभर धुतला नाही. मुलांना असं दाखवलं की ती घाबरत नाहीत. नाटकात आपण दाढ्या लावतो तसंच ते. खुनीसुद्धा मी पाहिला नाही, त्याचं शूटिंग वेगळ्या दिवशी होतं. मला लाइटच्या स्टँडवर काळ्या टेपची फुली करून दिली होती आणि 'इथे बघ' म्हणाले होते. मी त्या फुलीकडे बघत होते. टीव्हीवर मात्र तो माणूस सरळ माझ्याकडे बघतोय असं दिसलं.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

टेबलाखाली दचकायचं होतं. मी दोनदा-तीनदा दचकून दाखवलं. नाटकात शिकवलं होतं तसं, खांदे वर घेऊन. डायरेक्टरना पटेना. ते कोणाच्या तरी कानात काही बोलले. मला म्हणाले, "बेटा, आता काही करू नकोस, नुसती बस." मी नुसती बसले. कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, कोणीतरी स्टीलची परात फरशीवर आपटली.

मी किंचाळले नाही. मला आठवतं ते असं की माझे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले आणि जीभ दातांत आली. तोंडात रक्ताची चव, खऱ्या रक्ताची. आणि लगेच टाळ्या. "क्या एक्सप्रेशन दिया! वाह!" सगळे हसत होते, कौतुक करत होते, एका ताईनं चॉकलेट दिलं. आई बाहेर व्हरांड्यात होती, आत गर्दी होते म्हणून पालकांना बाहेर बसवलं होतं. ती आवाज ऐकून धावत आली तेव्हा मी चॉकलेट हातात धरून उभी होते आणि सगळे तिला सांगत होते, तुमची मुलगी काय काम करते हो. आईला आनंद झाला. मी तिला परातीचं सांगितलं नाही. कसं सांगणार? सगळे खूश होते.

मग ते वाक्य. आपल्याकडे हिंदी कशी बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "अंकल के जूते गिल्ले थे." कट. "बेटा, गीले." मी परत, "गिल्ले." सात वेळा झालं. आठव्यांदा बरोबर आलं असं ते म्हणाले. मी खूप खूश झाले. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी 'गीले, गीले' म्हणत होते.

दोन महिन्यांनी भाग लागला. आमच्या इतवारीच्या घरी त्या रात्री पन्नासेक माणसं. आजोबांनी टीव्ही ओसरीवर आणला होता, आजीनं चिवडा केला होता, गल्लीतली पोरं पायऱ्यांवर. मी सगळ्यांत पुढे, नवा फ्रॉक घालून. टेबलाखालचा शॉट आला, सगळे ओरडले, "आली, आली!" मग पोलिसांसमोरचा शॉट आला. मी तोंड उघडलं आणि टीव्हीतून दुसऱ्याच मुलीचा आवाज आला.

डब केलं होतं. कोणी सांगितलंच नव्हतं. आजोबा म्हणाले, टीव्हीत आवाज असाच येतो. मोठ्या भावाला मात्र कळलं. तो म्हणाला, "ही ही नाहीये." गल्लीत दुसऱ्या दिवसापासून सगळे माझं कौतुक करत होते, आणि मी मनात हिशेब करत होते: चेहरा माझा, पण दचकणं परातीचं आणि आवाज तिसऱ्याच कोणाचा. मग मी काय केलं? नऊ वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न होता आणि तो विचारायला माझ्याजवळ माणूस नव्हता. पुढची दोन वर्षं मी शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा उभी राहिले नाही. बाईंना वाटलं, टीव्हीत गेली म्हणून शेफारली.

आज मी मुलांची नाट्यशिबिरं घेते. दचकणं शिकवायला मला दोन दिवस लागतात. आधी श्वास कुठे अडकतो ते शोधायचं, मग डोळे, मग मान, हात सगळ्यात शेवटी. आठ वर्षांचं मूल हे करू शकतं, दर वेळी नव्यानं करू शकतं आणि केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो मला चोवीस वर्षांच्या नटातही दिसत नाही. परात आपटली की पाच सेकंदांत काम होतं. पण ते मुलाचं काम नसतं, ते त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.

म्हणून पक्याभाऊ, तुमची दोन्ही नावं बरोबर आहेत आणि 'ब्लड ड्रॉप्स' मी शिबिरात मुलांच्या पालकांना दाखवतेसुद्धा. ती सहा वर्षांची मुलगी गप्प बसलेली आहे, पण ती कोणाचा तरी हात कसा धरते ते बघा. तिला माहीत आहे ती काय करते आहे. गोष्टीतलं भयंकर सत्य तिला सांगितलं असेल असं नाही, सांगूही नये. पण या क्षणी तू काय करायचंस, तुझ्या मागेपुढे काय होणार आहे, हे मुलाला माहीत असलं पाहिजे.

पाठवा की नको? माझं मत, पाठवा. पण आधी त्यांना चार गोष्टी विचारा आणि डायरेक्टर किंवा त्यांच्या असिस्टंटकडूनच उत्तर घ्या, को-ऑर्डिनेटरकडून नको. कपाटाचं दार बाहेरून कोण लावणार? आत किती वेळ बसवणार? न सांगता आवाज करणार का? आणि आवाज तिचाच ठेवणार की डब करणार? डब करणार असतील तर करू द्या, त्यांचा तो हक्क आहे. पण भाग लागायच्या आधी चिऊला सांगा. पन्नास माणसांसमोर तिला ते कळू देऊ नका.

धंतोलीचा वकील

इतवारीच्या ताईंचं वाचून सुन्न झालो. त्यात भर म्हणून कायद्याचं सांगतो, कारण २००३ आणि आज यात फरक पडला आहे.

बालकामगार कायदा २०१६ला बदलला आणि २०१७ला नियम आले. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण कलाकार म्हणून काम करायला अटींवर मुभा आहे. या अटी निर्मात्यावर आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी युनिटचा एक जबाबदार माणूस नेमलेला हवा, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त पाच मुलं. शाळा बुडू नये याची सोय. मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही करून घ्यायचं नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. परातीचा प्रसंग आज घडला तर मी याच वाक्यावर बोट ठेवीन.

परवानगी शूटिंग जिथे आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची लागते, नागपूरच्या नाही. मीरा रोड म्हणजे ठाणे जिल्हा. हेच काम गोरेगावच्या फिल्मसिटीत असतं तर मुंबई उपनगर, नायगावला असतं तर पालघर. निर्मात्यानं अर्जासोबत पालकांची लेखी संमती जोडायची असते. म्हणजे तुमची सही त्यांना लागणारच आहे. सही करण्याआधी परवानगीच्या अर्जाची प्रत मागा. देत नसतील तर तिथेच थांबा.

पक्याभाऊंनी सांगितलेल्या दोन्ही सिरियल कॅलिफोर्नियात चित्रित व्हायच्या. तिथे सेटवर मुलांसाठी शिक्षक ठेवावा लागतो आणि कमाईतले १५ टक्के मुलाच्या नावानं वेगळ्या खात्यात जातात. जॅकी कूगन नावाचा बालनट होता, चॅप्लिनबरोबर 'द किड'मध्ये. त्यानं लहानपणी कमावलेलं मोठेपणी त्याच्या हाती जवळजवळ काहीच आलं नाही, तो कोर्टात गेला आणि त्यातून १९३९ला तो कायदा झाला. पैसे घरच्यांनीच संपवले होते, हे लक्षात घ्या. चिऊचं खातं आधी उघडा.

आणि साडेचार हजार देऊ नका. काम देणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. को-ऑर्डिनेटरचं कमिशन मिळालेल्या मानधनातून कापलं जातं. आधी रजिस्ट्रेशन मागणारा बहुतेक वेळा रजिस्ट्रेशनवरच जगतो. प्रॉडक्शन हाउसच्या ऑफिसात सरळ फोन करून असा भाग, असं पात्र खरंच आहे का ते विचारा. मानधन हातात यायला तीन महिने लागले तर घाबरू नका, टीव्हीत तसा रिवाज आहे, पण किती आणि कधी ते कागदावर हवं.

चिऊची आई (मनीषनगर, नागपूर)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. इतवारीच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. परातीपाशी त्यांनी मला थांबवलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रक्ताला मी उगाच भ्यायले, बाप्पा."

आज प्रॉडक्शनच्या ऑफिसात फोन केला. भाग खरा आहे, पात्र खरं आहे, रजिस्ट्रेशनचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. असिस्टंट डायरेक्टर मुलगीच आहे, आवाजावरून तरुण वाटली. तुमचे चारही प्रश्न विचारले. कपाटाला मागची फळीच नाही म्हणाली, मागून पूर्ण उघडं आहे, दार फक्त समोरून. न सांगता काही करणार नाही असं तिनं मला लिहूनही पाठवलं. डबिंगचं अजून ठरलेलं नाही. परवानगीच्या अर्जाची प्रत उद्या पाठवते म्हणाली आहे. ती आली तरच तिकीट काढू असं यांनीही कबूल केलं.

रात्री चिऊला सगळं समजावून सांगितलं. कपाट, फळी, खोटं रक्त, आवाज बदलू शकतो ते. तिनं नीट ऐकून घेतलं. आवाजाचं तिला फारसं काही वाटलं नाही, 'मग झाडाचा आवाज द्या' म्हणाली. पण झोपताना एकच विचारलं. "मी कपाटात असताना तू कुठे असशील?" मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू तिला?

इतवारीची मुलगी

दार फटीएवढं उघडं ठेवतात, कारण कॅमेऱ्याला तिचे डोळे हवे असतात. त्या फटीतून तिनं कुठे बघायचं त्याची खूण ते करून देतील. खुन्याचं काम करणारा नट त्या वेळी तिथे बहुतेक नसतोच. त्या असिस्टंट मुलीला सांगा की खुणेच्या जागी मी उभी राहते.

चिऊला आजच सांगून टाका, फटीतून मी दिसेन. आणि मनीषनगरच्या घरातलं कपाट रिकामं करून दोन-तीन संध्याकाळी खेळून बघा. ती आत, तुम्ही समोर, दार फटीएवढं. मग अदलाबदल करा, तुम्ही आत बसा.